मोठ्या टाकीत हलवलेले मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मरतात?

रविवारी सकाळी दोन फुटी टाकी रिकामी होते. काच घासली जाते, खडी नळाखाली चोळून चोळून धुतली जाते, फिल्टरमधला काळपट स्पंज पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिळला जातो. शेजारी तीन फुटी कोरी टाकी उभी असते. नवं पाणी, नवा दिवा, मागे निळं चित्र. संध्याकाळी मासे आत जातात आणि घरातली सगळी मंडळी खुर्च्या ओढून समोर बसतात. सोमवार छान जातो. मंगळवारी मासे जरा मंदावतात. बुधवारी एक गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि गुरुवारी सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात.

खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, घरातलं निदान ठरलेलं असतं : 'नवं पाणी मानवलं नाही.' कुणी नजर लागली म्हणतं, कुणी दुकानदाराला दोष देतं. पाण्याचा यात वाटा असतो, तो पुढे पाहू. पण पहिली चूक रविवारी सकाळी, स्पंज पिळतानाच झालेली असते. नव्या घरात जाताना सगळं घासूनपुसून न्यायचं ही आपली चांगली सवय फिशटँकच्या बाबतीत नेमकी उलटी पडते.

स्पंजवरचा मळ म्हणजे काय?

मासा खातो ते प्रथिन. त्यातला जो नायट्रोजन शरीराला लागत नाही, तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडला जातो. नदीत, तळ्यात हा अमोनिया वाहून जातो किंवा विरतो. काचेच्या पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले भाजायला लागतो.

साठत नाही याचं कारण दोन टप्प्यांत काम करणारे जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकतो.

हे काम जिवंत सूक्ष्मजीव करतात हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंत्झ या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी काचेच्या उंच नळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि वरून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. सुरुवातीचे वीस दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसा आत गेला तसाच खाली आला. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम ठप्प झालं. वाफ काढून टाकली तरी ते आपोआप सुरू झालं नाही. सुपीक मातीचं थोडं गढूळ पाणी त्यात ओतल्यावर मात्र पुन्हा नायट्रेट बनू लागलं.

फिशटँक पाळणाऱ्याला लागणारं बहुतेक ज्ञान या एका प्रयोगात आहे. कोऱ्या वाळूवर जिवाणू बसायला तीन आठवडे लागतात, विषाने ते मरतात, आणि चालू असलेल्या ठिकाणचं थोडं विरजण आणून घातलं की काम लवकर सुरू होतं. तुमचा जुना स्पंज म्हणजे ते विरजण. आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना त्या क्लोरोफॉर्मसारखाच.

या जिवाणूंची ओळख पटायला पुढे बराच काळ गेला. नायट्राइट खाणारा म्हणून पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं जात होतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्ये प्रत्यक्ष शोधलं तेव्हा हे काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करताना सापडले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, तोही एका मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमध्ये.

आपल्यासाठी महत्त्वाच्या गोष्टी दोन. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात : स्पंजची छिद्रं, सिरॅमिक रिंग, खडी, थोडेफार काचेवर. म्हणून 'जुनं पाणी नेलं म्हणजे जिवाणू आले' हा समज चुकीचा आहे. दुसरं म्हणजे ते फार हळू वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, या मंडळींना त्यासाठी साधारण एक दिवस लागतो. स्पंज घासून नव्वद टक्के जिवाणू घालवले, तर उरलेल्या दहा टक्क्यांना पूर्वपदावर यायला चार-पाच दिवस तरी हवेत. मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मरतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

टाकी तिप्पट मोठी, मग जिवाणू तिप्पट लागतील का?

नाही. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. दुकानातही 'मोठी टाकी आहे, महिनाभर रिकामी चालवा' असा सल्ला मिळतो. तो कोऱ्या फिल्टरसाठी बरोबर आहे, जुना फिल्टर सोबत येत असेल तर नाही.

जिवाणूंची संख्या लिटरवर ठरत नाही, त्यांना रोज किती अमोनिया खायला मिळतो यावर ठरते. साधा हिशेब करू. ३५ टक्के प्रथिन असलेलं एक ग्रॅम खाद्य रोज घातलं, तर त्यातून अंदाजे ३२ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. २ × १ × १ फुटांच्या टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. फिल्टर बंद पडला तर तिथे एका दिवसात लिटरमागे ०.५६ मिलिग्रॅम अमोनिया चढेल. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे १९० लिटर मावतं, तिथे तेच प्रमाण ०.१७ होईल. मासे तेच, खाद्य तेवढंच, म्हणून जिवाणूही तेवढेच पुरतात. मोठ्या टाकीने फक्त एवढं केलं की चूक झाली तर सावरायला तिप्पट वेळ दिला.

तेव्हा जुने मासे आणि जुना फिल्टर एकाच दिवशी, एकत्र नव्या टाकीत गेले तर महिनाभर थांबायची गरज नाही. अट एकच : जिवाणू जिवंत पोचले पाहिजेत, आणि त्याच दिवशी हौसेने आणखी सहा मासे आणायचे नाहीत.

आपल्या जिल्ह्याचं पाणी

आता 'पाणी मानवलं नाही' याच्या खऱ्या भागाकडे येऊ. त्यासाठी लोणारला जाऊन यावं लागेल.

लोणारच्या सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आहे, आणि आज त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेही क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच. ज्या टाकीत कधी पाणी बदलायचं नाही, नुसती उडालेली पातळी बोअरच्या पाण्याने भरून काढायची, ती टाकी म्हणजे घरातलं छोटं लोणार. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस १००० आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत टाकीभर पाणी उडालं आणि तेवढंच वरून ओतलं, तर टाकीतला टीडीएस २००० च्या घरात जातो. मासे हळूहळू त्याला सरावतात, आपल्याला काही कळत नाही. कळतं ते त्यांना एका झटक्यात नव्या पाण्यात सोडल्यावर.

पीएचचा अमोनियाशी थेट संबंध आहे. पाण्यातला सगळाच अमोनिया विषारी नसतो. त्याचा मोठा भाग अमोनियम या बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो, आणि पीएच व तापमान वाढलं की तो विषारी रूपात बदलतो. ३० अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्याकडच्या सौम्य उन्हाळ्यात, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी नसतो. पीएच ८ ला साडेसात टक्के होतो, ८.५ ला वीस टक्के. पीएच १० ला तर जवळजवळ नव्वद टक्के.

यातून एक फसवा प्रसंग उभा राहतो. दोन-तीन वर्षं दुर्लक्षित टाकीत पीएच हळूहळू उतरत गेलेला असतो, कारण जिवाणूंचं काम पाण्यातला आम्लाला आवरणारा चुनखडीसारखा भाग खातं. तो संपला की पीएच ६.५ पर्यंत खाली येतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो. पण पीएच कमी असल्याने तो निरुपद्रवी रूपात असतो आणि मासे तग धरून असतात. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया असला तरी त्यातला विषारी भाग ०.००५ एवढाच. आता हे पाणी अर्धं घेतलं आणि त्यात ८.३ पीएचचं बोअरचं पाणी अर्धं मिसळलं. मिश्रणाचा पीएच वर चढला तर एकूण अमोनिया निम्मा होऊनही विषारी भाग ०.१३ च्या पुढे जातो. पंचवीस पटींहून जास्त. पाणी स्वच्छ केलं आणि मासे मेले, असं दिसतं ते यामुळे.

म्हणून हलवण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून जुन्या टाकीचं पाणी दर दोन दिवसांनी थोडं थोडं, दहा-पंधरा टक्के, बदलत राहायचं. हलवायच्या दिवशी दोन्ही टाक्यांचं पाणी सारखंच झालेलं असलं पाहिजे. सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि हिला खर्च शून्य आहे.

पाणी कुठलं, यावर पुढची काळजी अवलंबून आहे. बुलढाणा शहराला पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून पाणी मिळतं. ते शुद्ध करून, क्लोरीन घालून नळाला येतं. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर असते, पावसाळ्यात जरा सढळ हाताने. असं पाणी मोठ्या पिंपात चोवीस तास उघडं ठेवून एअर पंप लावला, की क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब वापरावेत. त्यात सहसा सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते लगेच काम करतं. नळ चार-आठ दिवसांनी येत असेल तर पिंपात पाणी साठवावंच लागतं. या एका बाबतीत आपली अडचण माशांच्या पथ्यावर पडते.

घाटाखाली चित्र वेगळं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात पसरलेला आहे. तिथल्या अनेक बोअरचं पाणी माणसालाही पिववत नाही. मग घरात आरओचा जार येतो, आणि 'माणसाला चांगलं ते माशाला चांगलं' म्हणून टाकी त्याच पाण्याने भरली जाते. इथे सावध राहा. आरओच्या पाण्यात चुनखडीचा भाग जवळपास नसतो, आणि आपल्या जिवाणूंना तो लागतो. वरच्याच हिशेबातल्या ३२ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे रोज सव्वादोनशे मिलिग्रॅम चुनखडीइतका भाग खर्च होतो. १९० लिटरच्या टाकीतही महिन्याला लिटरमागे ३५ मिलिग्रॅम. नुसत्या जारच्या पाण्यात तेवढा साठाच नसतो, त्यामुळे महिनाभरात पीएच कोसळतो. जारचं आणि बोअरचं पाणी मिसळून वापरणं हा साधा मार्ग. प्रमाण किती ते टीडीएस मीटर आणि पीएचच्या पट्ट्या सांगतील. मोली आणि गप्पी यांना जड पाणी आवडतंच, त्यांच्यासाठी बोअर जास्त ठेवलं तरी चालतं.

पाणी गढूळ म्हणून तुरटी फिरवण्याची सवयही टाकीपुरती सोडा. तुरटी तोच चुनखडीचा भाग खाते आणि पीएच खाली ओढते.

हलवायचा दिवस

नवी टाकी आधीच जागेवर बसलेली हवी. १९० लिटर पाणी म्हणजे १९० किलो, त्यावर काच आणि खडी. टेबल भक्कम आणि सपाट हवं, टाकीखाली थर्माकोल. पाणी भरून एक दिवस गळती पाहायची. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अजून वाळू द्या. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका. उपाशी मासा पाणी कमी घाण करतो.

उन्हाळा असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी काम काढा. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते थेट टाकीत सोडण्याचा वेडेपणा करू नका. नव्या टाकीचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवलं, तर दोन्हीकडचं तापमान आपोआप जुळतं. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो : २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ अंशाला सातच्याही आत.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी दोन-तीन बादल्यांत काढून घ्या. बादल्या साबण न लागलेल्या हव्यात. एका बादलीत मासे घ्या, त्यात एअरस्टोन सोडा आणि वर जाळी किंवा झाकण ठेवा, उड्या मारणारे असतातच. मासे काढायच्या आधी खडी ढवळू नका. तळाच्या गाळात अमोनिया आणि कुजकं बरंच काही दबलेलं असतं, ते पाण्यात उठलं तर आठ दिवसांची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते.

फिल्टर सगळ्यात शेवटी बंद करायचा आणि नव्या टाकीत सगळ्यात आधी चालू करायचा. मधल्या वेळात स्पंज, रिंग, बायो-बॉल जे असेल ते जुन्या टाकीच्या पाण्यात बुडवून, उघड्या बादलीत, शक्य तर एअरस्टोन लावून ठेवा. वाळू द्यायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, पिशवीत घट्ट बांधायचं नाही. बंद जागेत जिवाणू थोड्या वेळात ऑक्सिजन संपवतात आणि मग मरू लागतात. स्पंज फारच तुंबला असेल तर त्याच जुन्या पाण्यात दोन-तीनदा हलक्या हाताने दाबा. पाणी चहासारखं तपकिरी झालं की पुरे. पांढरा शुभ्र स्पंज हे इथे अपयशाचं लक्षण आहे.

नव्या टाकीला नवा, मोठा फिल्टर घेतला असेल तर? सगळ्यात निर्धोक उपाय असा की तो महिनाभर आधी जुन्या टाकीतच जुन्याच्या जोडीला चालवायचा. एवढा धीर नसेल, आणि सहसा नसतो, तर जुना स्पंज व रिंग नव्या फिल्टरच्या डब्यात जशाच्या तशा घाला. बसत नसेल तर स्पंज कापला तरी चालेल. तेही शक्य नसेल तर दोन्ही फिल्टर नव्या टाकीत एकत्र चालू द्या आणि जुना महिना-दीड महिन्याने काढा. जुनी खडी थोडी जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या प्रवाहासमोर ठेवली तर तेवढीच भर. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंवर मात्र मी पैसे घालणार नाही. बाटली दुकानात येईपर्यंत किती उन्हातून आली, हे मलकापूरच्या मे महिन्यात कोण सांगणार?

फिल्टर चालू झाल्यावर मासे. बादलीत नव्या टाकीचं पाणी बारीक नळीने, थेंब थेंब, तासभर पडू द्या. मग जाळीने मासे उचलून आत सोडा. बादलीतलं पाणी फेकून द्या. दिवा त्या दिवशी लावू नका. नव्या दिव्याची हौस सगळ्यांनाच असते, पण माशांना अंधार बरा वाटतो.

पहिले पंधरा दिवस

पहिला आठवडा खाद्य निम्मं. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणून रोज संध्याकाळी तपासा, किंमत एखाद्या चांगल्या माशाएवढीच असते. दोन्ही शून्य आले तर जिवाणू सुखरूप पोचले. अमोनिया ०.२५ किंवा वर दिसला तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाकीचं पाव पाणी बदला आणि एक दिवस खाद्य बंद. लगेच निळं औषध ओतायला धावू नका. मेथिलिन ब्लू आणि अँटिबायोटिक फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतात, आणि नव्याने हलवलेल्या टाकीत तो मार बसला की पुन्हा श्लेसिंग-म्युंत्झच्या वीस दिवसांपाशी येतो आपण.

नवे मासे तीन-चार आठवड्यांनी, एकावेळी दोन-तीनच. जिवाणू वाढीव अमोनियाच्या मागोमाग वाढतात, आधी नाही.

राहिली वीज. फिल्टर थांबला की स्पंजमधून ऑक्सिजन असलेलं पाणी फिरायचं थांबतं. टाकीतच बुडालेला साधा स्पंज फिल्टर काही तास निभावतो, डबाबंद कॅनिस्टर दोन-तीन तासांतच आतून गुदमरू लागतो. दिवसभर वीज गेली असेल आणि कॅनिस्टर उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी आधी फेका, स्पंज आणि रिंग टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच बटण दाबा. इन्व्हर्टरवर मोठा पंप चालत नसला तरी पाच वॉटचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर सहज चालतो. जिथे भारनियमन ठरलेलं आहे, तिथे मोठ्या टाकीतही तो जुना स्पंज फिल्टर कायमचा कोपऱ्यात राहू द्यावा. दिसायला ओबडधोबड आहे, पण तुमच्या घरात आधीच रुळलेला आहे.